खुरांवरचं पाणी

"अगो वेणू, किती वेळ अशी उभी रानार? लुगडं बदल नि चल! लगीन काय तुझ्यासाठी थांबनार हाय?"

शेजारची कमळाबाई नटूनथटून दारात उभी होती. अंबाड्यावर अबोलीचा वळेसर, हातात अक्षतांची पुडी, आणि तोंडाचा पट्टा नेहमीसारखा चालू. वेणू मात्र ओट्यापाशी, हातातलं चहाचं भांडं तसंच धरून तिच्याकडे बघत राहिली होती. आपण ऐकलं ते खरं की खोटं, हेच तिला कळेना!

"कुठं म्हनालीस लगीन?"

"किती वेळा सांगू? शाळेच्या मैदानावर मांडवाची परवानगी नाय भेटली, म्हनून काल सांजचा लॉन धरला त्यांनी. कर्नाळ्याच्या रस्त्याचा. तुझी घोडी जिथं हाय ना, त्याच्या कुंपनाला लागूनच! अकराला वरात लॉनच्या गेटावर. बेंजो सांगितलाय उरनचा, नुसता धिंगाना..."

भांडं वेणूच्या हातून सुटलं. चहा ओट्यावरून खाली पायांवर सांडला, पण तिला चटकासुद्धा जाणवला नाही. तिची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली होती. दहा वाजून वीस मिनिटं... आणि अकरा वाजता तिची नात, तिची सात वर्षांची मिताली, त्याच कुंपणापलीकडे चांदणीच्या पाठीवर बसणार होती!

आता या चांदणीचं आधी सांगायला हवं, नाहीतर एवढं भिण्यासारखं काय होतं ते कळायचं नाही. वेणूच्या सासरी दोन पिढ्या वरातीच्या घोड्या. पंचक्रोशीतला नवरदेव याच घरच्या घोडीवर बसून मांडवात जायचा, आणि घोडीही अशी, की वाद्य वाजलं की मान कमानदार करून, पुढचे पाय उचलून उचलून जागच्या जागी नाचायची. सासऱ्यांनी चांदणीला दोनच गोष्टी शिकवल्या होत्या. दोर आखडून धरला, वाजंत्री सुरू झाली, की नाचायचं. आणि मांडवाच्या दारात घरच्या सुवासिनीनं तांब्याभर पाणी पुढच्या खुरांवर ओतून "पोचली गो बाय, पोचली" म्हटलं, की थांबायचं. मग कितीही ढोल बडवा, चांदणी हलायची नाही. ते पाणी ओतण्याचा मान आधी सासूचा होता, मग वेणूचा झाला. नवरा गेला तसा तिचा तो मान गेला, शहरात वाढलेल्या सुनेला यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि वरातीही सुटल्या.

त्यानंतर हेतलबेन आल्या. कर्नाळ्याच्या अलीकडे त्यांनी मुलांसाठी संस्था काढली होती. ज्या लेकरांना जन्मापासून हातापायांची साथ नाही, त्यांना घोड्यावर बसवून उपचार करायची. घोडा चालतो तशी पाठीवरच्या मुलाची कंबर डुलते, आणि स्वतःच्या पायांनी कधी एक पाऊल न टाकलेल्या पोराच्या अंगाला चालणं म्हणजे काय ते कळू लागतं. वेणूची मिताली त्यातलीच एक. सेरेब्रल पाल्सी म्हणतात तो आजार. चांदणीची पाठ रुंद, चाल संथ, स्वभाव आईसारखा... हेतलबेन तिला बघताच म्हणाल्या होत्या, "वेणूबेन, हीच पाहिजे मला!" पण नाचणं विसरायला हवं होतं. दोन वर्षं, रोज, कणाकणानं त्या दोघींनी चांदणीची ती सवय मोडली. आधी लांबून मोबाइलवर बारीक वाजवायचं, मग जरा मोठ्यानं, आणि दोर कायम ढिला. एक दिवस शेजारून अख्खा बँड गेला, तरी चांदणी कान न टवकारता गवत खात राहिली, तेव्हा वेणूनं तिच्या गळ्यात पडून आनंदानं रडून घेतलं होतं.

"पण एक वरात," हेतलबेननी बोट उगारून सांगितलं होतं, "एक जरी वरात हिनं पुन्हा केली, तर सगळं पाण्यात!"

हे ऐकून वेणूची सून मनिषा घाबरली होती. ती नवीन पनवेलच्या सेक्टरात वाढलेली, बँकेत नोकरी करणारी मुलगी. एका गोष्टीवर विश्वास बसला की तो टिकवणारी, आणि उडाला की पुन्हा न बसू देणारी. तिनं नवऱ्याचा, म्हणजे वेणूच्या लेकाचा, प्रितमचा हात मितालीच्या डोक्यावर ठेवला होता. "घे शपथ. चांदणी पुन्हा वरातीला जाणार नाही. ही शपथ मोडलीस, तर मी आणि मिताली या घरात राहणार नाही. मी बोलते ते करते, प्रितम." आणि प्रितमनं शपथ घेतली होती!

आणि मोडलीही होती. सहा महिन्यांपूर्वी त्याच्या जिवलग दोस्ताचं लग्न निघालं. दोस्त अडून बसला, "तुझ्या बापानं माझ्या बापाला मांडवात नेलाय. तुझ्या घोडीबिगर मी वरातीला बसनार नाय." प्रितमचा ऊर भरून आला असेल, बापाची आठवण झाली असेल... नाल ठोकायला नेतो सांगून त्यानं संध्याकाळी घोडी बाहेर काढली आणि दोस्ताच्या गावभर नाचवली. वेणूला कळलं ते दुसऱ्या दिवशी. तेही कसं? मिताली घोडीवर, दोर वेणूच्या हातात, आणि रस्त्यावरून बेंजोवाल्यांचा टेम्पो वाजवत गेला. चांदणीनं दोन पावलं टाकली. दोनच! पण ती वरातीची होती. ती पावलं वेणूनं झोपेतही ओळखली असती. पोर गादीसकट घसरली, खाली आली, आणि तिचा हात कोपराजवळ मोडला.

सगळे धावत आले. मनिषा किंचाळली, "कसं झालं? कसं झालं हे?" कुंपणाशी प्रितम उभा होता, पांढराफटक. त्याचे ओठ हलले... आणि त्या एका क्षणात वेणूनं लेकाचं तोंड बघितलं, लेकराचा मोडका हात बघितला, आणि पुढचा मोडणारा संसारही बघितला. ती म्हणाली, "माजं चुकलं. घोडीच्या पोटाखालचा पट्टा आवळायचा इसरली मी."

घोडी का हलली हे मग कोणी विचारलंच नाही. गादी घसरली म्हणून ती बिचकली, असंच सगळ्यांना वाटलं. प्रितमनं मान खाली घातली, ती घातलीच. "तुमचा हात यापुढे माझ्या मुलीला लागणार नाही," मनिषा म्हणाली, आणि बोलली ते केलं. वेणूला नवीन पनवेलच्या घरातून गावच्या घरी परत धाडलं, तिचा नंबर ब्लॉक झाला. संस्थेतला दोर तिथल्या मोतद्दाराच्या, बाळूच्या हातात गेला, चांदणीलाही मुलांच्या कामावरून उतरवलं. सहा महिने... सहा महिने त्या आजीनं नातीच्या आखडलेल्या पायांना तेलाचं बोट लावलं नव्हतं!

आणि आज पहाटे शिफ्टला जाताना प्रितमचा फोन आला होता. "आये, मिताली आजपासून परत बसते. चांदणीवरच. दुसऱ्या घोड्यावर ती रडते. डॉक्टर बोलले, पाय आखडत चाललेत, आता थांबायचं नाय. तू येऊ नको हां, मनिषाला नाय आवडनार."

"अरे पन चांदनी..."

"सहा महिन्यांत एकदा पन नाचली नाय, बाळू बोलला. इसरली असेल ती. संस्थेच्या बाजूला लगीन असलं की लॉनवाले आधी कळवतात, त्या दिवशी सुट्टी असते. तू नको ना काय बोलूस, आये!"

आणि ती बोलली नव्हती. स्वतःची समजूत घालून गप्प बसली होती. पण आजचं लग्न काल संध्याकाळी ठरलेलं. हेतलबेनना कोण कळवणार? घोडीच्या पायात अजून वरात आहे, हे जगात दोघांनाच ठाऊक होतं. एक तळोजाच्या कारखान्यात, मोबाइल गेटावरच्या लॉकरमध्ये ठेवून मशिनीवर उभा... आणि दुसरी इथे, सांडलेल्या चहात!

"अगो, काय झालं तुला?" कमळाबाई घाबरली.

वेणूनं फोन उचलला. हेतलबेनचा बंद. घोड्यांजवळ फोन न्यायचा नाही, हा त्यांचाच नियम. बाळूचाही ऑफिसच्या टेबलावर पडलेला असणार. मनिषाच्या नंबरावर तर एक टुंग होऊन कट! प्रितमला लावला... एकदा, दोनदा, नऊदा. नुसती रिंग. 'उचल रे बाबा, उचल! तुझ्याच तोंडून खरं बाहेर पडू दे, मला नको बोलायला लावू!'

पायात चपला सरकवायचंही भान तिला राहिलं नाही. कमळाबाईला तशीच दारात टाकून ती रस्त्यावर आली, दिसेल त्या रिक्षेला हात केला. पळस्पे फाट्यावर कंटेनरांची रांग, पुढे हलायचं नाव नाही. "मावशी, उडून नेऊ का?" रिक्षावाला वैतागला. वेणू पुढची रांगच बघत होती. एकच विचार तिच्या डोक्यात घणासारखा पडत होता. बोलले तर लेकाचं घर मोडतं. नाही बोलले तर... त्याच्या पुढे तिचं मन जातच नव्हतं. त्या दिवशी आपण केला तो त्याग का? लोक त्याला त्याग म्हणतील, आईचं काळीज म्हणतील. पण पोर पडली ती कशानं, हे आपण लपवलं, आणि आज तीच पोर त्याच पाठीवर बसलीय! देवा, हा कसला त्याग? हे तर पाप झालं माझ्या हातून!

वळणावर रिक्षा पुन्हा अडकली तशी ती उतरली आणि पळू लागली. पन्नाशी ओलांडलेली बाई, लुगड्याचा काष्टा सावरत, अनवाणी, महामार्गाच्या कडेच्या खडीवरून पळत होती. समोर लॉनच्या गेटावर फुलांची कमान दिसली. कमानीखाली बेंजोवाले स्पीकर जोडत होते, कोणीतरी माइकवर "हॅलो, हॅलो" करत होतं. अजून सुरू नव्हतं झालं... अजून नव्हतं!

संस्थेच्या गेटातून ती आत घुसली तेव्हा चांदणी रिंगणाच्या मधोमध होती. दोर बाळूकडे, एका बाजूला हेतलबेन, दुसऱ्या बाजूला मदतनीस सुनीता. आणि वर, डोक्याला हेल्मेट, हात गादीच्या कडीला धरलेले, मिताली. हसत होती पोर! सहा महिन्यांनी वेणूनं ते हसू बघितलं, आणि ती कुंपणाकडे धावली.

कुंपणाशी बाकावर बसलेली मनिषा ताडकन उठली. "आई? तुम्ही इथे काय करताय? कोणी सोडलं यांना आत?"

"उतरवा तिला... मनिषा, पोरीला उतरव, बाजूला लगीन हाय, घोडी..."

"पुन्हा? पुन्हा तुम्हीच? एकदा हात मोडून समाधान नाही झालं तुमचं?" मनिषानं तिचा पदर धरला. "आजचा दिवस तरी तिला सुखानं..."

हेतलबेननी ओठांवर बोट ठेवून रागानं बघितलं. घोड्यांपुढे ओरडायचं नसतं. आणि त्याच क्षणी कुंपणापलीकडे बेंजो सुरू झाला.

चांदणीचे कान टवकारले. मान वळली, कमानदार झाली. पुढचा उजवा पाय हळूच वर उचलला गेला...

बाळू गडबडला. दोराची ती खूण ठाऊक नसलेला कोणीही करील तेच त्यानं केलं, दोर गच्च आखडून धरला. झालं! चांदणीला जे हवं होतं ते मिळालं. दोर आखडलेला, वाद्य वाजतंय, पाठीवर कोणीतरी बसलेलं. म्हणजे वरातच की ही! तिनं दुसरा पाय उचलला, पाठ हिंदकळली, मितालीचं हसू विझलं आणि तिचं अंग एका बाजूला कलंडलं. हेतलबेननी तिची मांडी धरली, पण पायाला बांधलेला पट्टा सुटेना, आणि घोडी जागच्या जागी गिरकी घेऊ लागली.

"बाळू, दोर सोड! ढिला सोड!" वेणू ओरडली. आजूबाजूला पाणी कुठे? बाकावर मितालीची गुलाबी बाटली होती, शाळेची, गळ्यात अडकवायची. वेणूनं ती झडप घालून उचलली आणि कुंपणाच्या बांबूखालून आत शिरली. मनिषानं तिचा पदर धरला होता, तो तिच्या हातात टर्रकन फाटून राहिला. वेणू घोडीच्या अगदी समोर गेली, उचललेल्या पायांसमोर. त्यातल्या एका टापेचा घाव जरी लागता तर छाती फुटली असती! ती वाकली. उजव्या खुरावर पाणी ओतलं, मग डाव्या. नवरा गेल्यापासून सहा वर्षं जे तिनं केलं नव्हतं, करायचा हक्कच उरला नाही असं जग म्हणत होतं, ते केलं.

"पोचली गो बाय... पोचली. थांब आता. पोचली तुजी वरात."

पलीकडे बेंजो धडाडत होता. चांदणीनं एक लांब श्वास सोडला, मान खाली घातली, आणि वेणूच्या खांद्यावर नाक टेकवून उभी राहिली. अगदी निश्चल.

हेतलबेननी मितालीला अलगद उतरवून मनिषाच्या कुशीत दिलं. पोर रडत होती, पण धड होती. हात धड, पाय धड. वेणू चांदणीच्या पायांशी मातीत बसली.

थोड्या वेळानं हेतलबेन तिच्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा दगडी झाला होता. "वेणूबेन, ही वरातीची चाल आहे. दोन वर्षांत आपण ती घालवली होती. मग हिला परत वरातीला कोणी नेलं? कधी?"

मनिषानं मान वर केली. सगळ्यांच्या नजरा वेणूवर. आणि ही बाई... काय म्हणावं हो या बाईला! एवढं होऊनही, फाटक्या पदरानं, रक्ताळलेल्या पायांनी मातीत बसून, ती पुन्हा म्हणाली, "मीच. मीच नेली व्हती."

"आई!" मनिषाचा चेहरा संतापानं लाल झाला. "म्हणजे पट्ट्याचं खोटं? तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही माझ्या मुलीला..."

तेवढ्यात वेणूच्या कमरेचा फोन वाजला. तिच्या ओल्या बोटांनी चुकून स्पीकरचं बटण दाबलं, आणि तळोजाहून, चहाच्या सुट्टीत लॉकर उघडलेल्या प्रितमचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

"आये! नऊ मिसकॉल? काय झालं? चांदनी नाचली काय गो? पोर कशी हाय, आये? बोल ना!"

मनिषा उठली. वेणूच्या हातून तिनं फोन घेतला.

"प्रितम, पोर बरी आहे. चांदणी नाचते हे तुला कसं माहीत?"

पलीकडून एका बाप्या माणसाचं रडणं आलं. "मी नेली व्हती, मनिषा. दोस्ताच्या वरातीला... मी. आये नाय. आयेनं माज्यासाठी... मी सांगनार व्हतो, रोज सांगनार व्हतो..."

"शिफ्ट संपली की घरी ये," मनिषा एवढंच म्हणाली.

फोन ठेवून तिनं मितालीचं हेल्मेट काढलं आणि तिला सुनीताजवळ दिलं. झालं! ज्यासाठी सहा महिने कोंडून घेतलं, ते एका फोनानं गेलं. वेणूनं सरकत जाऊन सुनेचे पाय धरले. "पोरी, मला काय पन बोल. पन त्याचा संसार नको मोडू. बाप नसलेला पोर हाय गो तो..."

"उठा आई." मनिषा खाली बसली. डोळे भरले होते, पण आवाज कोरडा होता. "मी आज गोड बोलणार नाही. तुम्ही त्याला वाचवलंत आणि मितालीला धोक्यात टाकलंत. त्या दिवशी खरं बोलला असतात, तर आज ती त्या पाठीवर बसलीच नसती."

"खरं हाय," वेणू म्हणाली. "येता येता तेच बोलत व्हती मी मनाशी. खरं हाय गो."

सुनेला वाटलं होतं सासू कारणं सांगेल, आईचं काळीज पुढे करील. तिनं तसं काहीच केलं नाही, आणि मनिषाचा बांध तिथे फुटला! "आणि मी... मी सहा महिने तुम्हाला तिला भेटू दिलं नाही! ती रात्री 'आजी, आजी' करायची, आणि मी तिला गप्प करायचे... तुम्ही एकदाही काही बोलला नाहीत! एवढं कसं सोसलंत हो, आई?" दोघी मातीत बसून एकमेकींच्या गळ्यात रडल्या. बाळू तोंड फिरवून चांदणीची मान पुसत राहिला.

हेतलबेन चिडल्या होत्या, आणि चिडलेल्याच राहिल्या. दोन वर्षांचं काम पहिल्यापासून करायचं, तोवर चांदणीवर कोणी बसणार नाही, मिताली दुसऱ्या घोड्यावर रडली तरी तिथेच शिकेल. "आणि सोमवारपासून दोर तुमच्या हातात," जाता जाता त्या म्हणाल्या. "मला खोटं चालणार नाही, पण घोडीला तुम्हीच चालता."

संध्याकाळी प्रितम आला तेव्हा वेणू नवीन पनवेलच्या त्या इमारतीच्या जिन्यात, दाराबाहेर उभी होती. मनिषा तिला रिक्षेतून घेऊन आली होती, पण उंबरा ओलांडायला तिचा पाय उचलेना. सहा महिन्यांपूर्वी याच दारातून बाहेर काढलेली ती! प्रितम मान खाली घालून दोन पायऱ्या खालीच थांबला.

"तू पण ये," मनिषा नवऱ्याला म्हणाली. "पण आत आल्यावर सगळं पहिल्यापासून सांगायचं, मितालीसमोर. शपथ तिच्या डोक्यावर हात ठेवून घेतली होतीस. मग मी ठरवेन."

"सांगतो," प्रितम म्हणाला. आईकडे बघून त्याचा बांध फुटला. "आये, मी तुझ्या आड लपलो गो..."

"लपलास ते झालं," वेणू म्हणाली. "आता नको लपूस."

मनिषा आत गेली ती मितालीला कडेवर घेऊनच बाहेर आली. पोरीच्या हातात तीच गुलाबी बाटली होती. सकाळी सगळं बघितलं होतं तिनं, आणि तिला हवं ते तिनं आईला कधीच सांगून ठेवलं असावं. मनिषा उंबऱ्याशी बसली, लेकीचा आखडलेला हात आपल्या हातात धरला, आणि दोघींनी मिळून बाटली कलती केली. खडीनं सोलून निघालेल्या वेणूच्या पावलांवर गार पाणी पडलं. आधी उजव्या, मग डाव्या.

मितालीला शब्द जुळवायला वेळ लागतो. सगळे थांबले.

"पो... पोच... ली," मिताली म्हणाली. "आजी पोचली."

आणि वेणूनं ओला पाय घरात टाकला.